लिलावात घेतलेलं घर

घर घ्यावं तर बांधून घ्यावं, नाहीतर ज्याचं आहे त्याला समोर बसवून, चार पैसे कमी-जास्त करून घ्यावं. लिलावातल्या घराचं नाव कुणी माझ्यापुढे काढलं, की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. हावेचं नव्हे, ओकारी यायच्या आधी सुटतं ते.

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही, पण जुन्नरच्या पेठेत लोक त्यांना माणिकशेठ म्हणत. किराण्याचं आणि धान्याचं दुकान आमचं. दुकानामागं दोन खोल्या, त्यात संसार, आणि दुकानासकट सगळं भाड्याचं. घोडेगावाहून लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही तीन जागा बदलल्या. चूल मांडायची, जमीन सारवायची, भिंतीला हात लागून लागून ती आपली वाटायला लागली, की मालकाला कुणीतरी पुतण्या आठवायचा आणि आम्ही गाठोडी बांधायची. मला घर हवं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला साध्वी समजायला नको. लोकांच्या घरी हळदीकुंकवाला गेले तरी माझी नजर त्यांच्या कोनाड्यांवर असायची.

त्या साली पौषात गाठीचा ताप सुरू झाला आणि गाव रिकामं झालं. पहिला प्लेग येऊन गेल्याला पाच-सहा वर्षं झाली होती, त्यामुळं आता लोकांना सवयच झालेली. ज्याला त्याला आपली रानातली जागा ठाऊक. आम्ही नदीपलीकडं कुडाची झोपडी घातली. दुकान बंद, गिऱ्हाईक नाही, ह्यांना बसून बसून कंटाळा आलेला. अशात एके दिवशी सावळेराम आला.

सावळेराम म्हणजे कोर्टाच्या पायरीवर बसून कुणाचं काय बुडतंय ते हुंगत राहणारा माणूस. कुणाची जमीन जप्त झाली, कुणाचे बैल निघाले, सगळं त्याला आधी कळायचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ना, त्यातला. तोंडात कायम पान. मी कुडाच्या आतून ऐकत होते.

"शेठ, पीरमहंमद कागद्याचं घर निघालंय लिलावाला," तो म्हणाला. "सावकारानं हुकूमनामा आणलाय. कागदी गेला ममईला पळून. आताच घ्या. सगळं गाव रानात हाय, बोली बोलायला कुत्रं न्हाई यायचं."

"घर साफ आहे का पण?" ह्यांनी विचारलं.

"साफ म्हंजे? धुतल्या तांदळावानी."

"आत कुणी राहतं?"

"त्याची बहीण हाय, जैबुन्निसा. रांडाव बाई. तिचं काय घेऊन बसलाय? भावाचं घर गेलं की ती जाईल कुठंतरी."

ह्यांनी मान हलवली. आणि खरं सांगते, कुडाआड मीपण हलवली. आमच्यात मुलीला काय असतं? साडी-चोळी, दागिने, वरातीला बैलगाडी. भिंती कधी मुलीच्या नसतात. बापानंतर घर भावांचं, त्यात बहीण पाहुणी. आम्हाला वाटलं, जगात सगळीकडं असंच असणार. इथंच आमचं गाडं फसलं, पण ते तेव्हा कुणाला कळतंय.

मग सावळेरामानं रीत समजावली. तीन बार झालं की चौथाई रक्कम जागच्या जागी मोजायची. उरलेली पंधरवड्याच्या आत कोर्टात भरायची. भरली नाही तर चौथाई बुडाली आणि घर पुन्हा लिलावाला. सगळं भरलं, कुणाची हरकत आली नाही, की कोर्टाचा दाखला मिळणार आणि बेलिफ येऊन कब्जा देणार. ह्यांच्याकडं रोकड फार नव्हती, सगळी मालात अडकलेली. रात्री जेवताना, म्हणजे दिवस मावळायच्या आधी, आम्ही जैन, दिवस मावळल्यावर खात नाही, ते माझ्या हाताकडं बघत राहिले. मी काय ते ओळखलं. आईनं दिलेल्या पाटल्या आणि गोठ मी स्वतः काढून दिले. हसत दिले. घर येणार होतं ना!

लिलावाच्या दिवशी मला राहवलं नाही. आमच्या दुकानात धान्य निवडायला येणाऱ्या कोंडाबाईला घेऊन मी गेले आणि समोरच्या बोळात डोक्यावरून पदर ओढून उभी राहिले. सगळी आळी ओस. दारांना कुलपं, ओट्यांवर चुन्याचे सडे, प्लेगच्या औषधाचा वास नाकात बसलेला. डफवाल्यानं डफ वाजवला. ऐकायला होतं कोण? आमचे हे, सावळेराम, सावकाराचा मुनीम आणि कोर्टाचा कारकून. कारकुनानं नाकाला कापराचा बोळा धरला होता.

मी ह्यांना पंधरा-वीस वर्षं ओळखते, पण त्या दिवशी जे पाहिलं ते कधी पाहिलं नव्हतं. खांबाला नखानं ओरखडून त्यांनी वाळवी पाहिली. भिंतीवर थाप मारून पोकळ आवाज येतो का ते ऐकलं. चौकटीचं लाकूड नाकाशी नेऊन हुंगलं. दार आतून बंद होतं, तर फटीला डोळा लावून आत पाहिलं. आत एक बाई आहे हे ठाऊक असून! बैलबाजारात बैलाचे दात बघतात तसं चाललेलं. आणि सावळेराम पायरीवर बसून पिचकाऱ्या मारत होता, उंबऱ्याच्या बाजूला, लालभडक.

कारकुनानं कागद वाचला. अगदी मोठ्यानं, स्वच्छ वाचला. त्याची काही चूक नाही. "ऋणको पीरमहंमद याचा सदरहू घरात जो काही हक्क व हितसंबंध असेल, तो जसा असेल तसा विकणेत येत आहे." जो काही असेल तो. जसा असेल तसा. चौघांनी ऐकलं, मीही ऐकलं, आणि कुणाच्या कानात शिरलं नाही. लग्नात अंतरपाट धरला की मंगलाष्टकं कोण ऐकतं? सगळे अक्षता टाकायची वाट बघत असतात.

मुनीम एकदा बोलला. हे त्याच्यावर बोलले. मुनीम गप्प झाला. एक बार, दोन बार चाललं होतं तेवढ्यात दार जरासं किलकिलं झालं. आतून एक हात आला, ओट्यावरचा तांब्या उचलला आणि आत गेला. तीन बार झालं. सावळेराम खो-खो हसला. "बघा शेठ, तांब्या तेवढा सोडवून नेला!"

ह्यांनाही हसू आलं. मला? मला त्या हाताचं काहीच वाटलं नाही. मी वर माडीच्या खिडकीकडं बघत होते आणि देव्हारा कुठल्या भिंतीला मांडायचा ते ठरवत होते.

दुसऱ्या दिवशी मी कोंडाबाईला आणि एक नवी केरसुणी घेऊन घर बघायला निघाले. कब्जा मिळाला नव्हता, पण माझा जीव थांबत नव्हता. मागच्या बाजूनं गेलो तर मागचं दारच नाही! चौकट उघडी, बिजागऱ्या उचकटलेल्या, आणि तिथं गोणपाट लटकवलेलं.

"सावळेराम घेऊन गेला राती," कोंडाबाई म्हणाली. तिचा भाऊ त्याच्या शेजारी राहायचा. "सागाचं व्हतं बाई. त्यो म्हनतो, लिलाव झाला म्हंजे कागद्याचं न्हाई, आन् कब्जा न्हाई म्हंजे शेठचंबी न्हाई. मंग कुनाचं? तर त्याचं."

ऐका! घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथं तर वासे आणि दारं चालत दुसऱ्याच्या घरी जायला लागली. आणि हाच माणूस आमच्या झोपडीत बसून माझ्या हातचं ताक पिऊन गेला होता. मला पहिली शिसारी तिथं आली. पण माझी शिसारी दाराबद्दलची होती, माझं दार नेलं म्हणून. हेही सांगायला हवं.

गोणपाट बाजूला करून आत गेले. आत गार, आणि चुन्याचा नि भिजल्या तागाचा आंबट वास. कोपऱ्यात लगदा करायचा हौद, आता कोरडा. भिंती मात्र अशा गुळगुळीत की हात फिरवावासा वाटावा. कागदी लोक ओला कागद भिंतीवर थापून वाळवतात, म्हणून. एका भिंतीवर अजून कागद चिकटलेले होते. खाली पाटावर एक बाई बसली होती आणि काळ्या गोट्यानं कागद घोटत होती. माझ्याहून थोडी मोठी असेल. तिनं वर पाहिलं. माझ्या हातातली केरसुणी पाहिली.

"या शेठाणी," ती म्हणाली. "बसा. तुमच्या घरात बसता, का माझ्या घरात बसता?"

"आम्ही लिलावात घेतलंय हे," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढाच होता.

"ऐकलं की. दाराआडच व्हते. भावाचं घेतलंत. माजं कुटं घेतलंत?"

"तुमचं काय त्यात?"

तिनं गोटा खाली ठेवला. "घर बापाचं. बाप वारला. भावाला दोन वाटं, मला एक. आमच्यात असंच हाय, कुनाच्या मेहेरबानीनं न्हाई. भावानं आपलं गहान टाकलं, त्याचं त्यो जानं. माजं टाकायला त्यो कोन? मी अंगठा दिला न्हाई, कुनी मागितलाबी न्हाई. सावकारानं इचारलं न्हाई, तुमच्या शेठनं इचारलं न्हाई. समद्यांला वाटलं, आत बाई हाय म्हंजे कुनी न्हाई."

"बाईमाणसाचा कसला आलाय वाटा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. "तुमच्या बापाचं घर असंल की. कुटं?"

"घोडेगावात."

"त्यात तुमचा वाटा किती?"

मी केरसुणी पदराआड घेतली.

"म्हनून तुमाला कळंना झालंय," ती म्हणाली आणि पुन्हा कागद घोटायला लागली.

परत येताना मला तिचा असा राग आला होता की काय सांगू! कोंडाबाई म्हणाली ते ऐकून तर जास्तच. सगळं गाव रानात गेलं, शेजारपाजार गेला, आळीत दिवा लागत नव्हता, पण ती बाई घर सोडून गेली नव्हती. मरणाची भीती तिला नव्हती असं नाही. पण दार मोकळं दिसलं की कुणीतरी आपलं कुलूप घालणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तापाला नाही, कुलपाला भ्यायली ती. झोपडीत येऊन मी भाकरी थापायला बसले आणि माझा राग हळूहळू कुठं गेला ते मलाच कळलं नाही. उरलं ते नुसतं तिचं बोलणं. घोडेगावला मी गेले तर वहिनी चहाचं विचारते आणि लगेच विचारते, "किती दिवस आहात?"

ह्यांना सांगितलं तर आधी हसले. मग वकिलाकडं गेले आणि पडलेलं तोंड घेऊन आले. वकिलानं सांगितलं ते असं. कोर्टानं घर विकलेलंच नाही, भावाचा हक्क विकलाय. आता पैसे भरा आणि वाटणीचा दावा लावा. तो किती वर्षं चालेल सांगता येत नाही. बहिणीच्या वाट्याला चूल जाईल की माडी, तेही सांगता येत नाही. नाहीतर चौथाईवर पाणी सोडा. आणि आणखी एक गोष्ट म्हणाला, जो आत बसलेला असतो त्याची बाजू वरचढ असते.

वकील एवढंच बोलला. पुढचं डोकं सावळेरामाचं. तो रोज यायला लागला. बाहेर दोघं कुजबुजत बसायचे. आधी बाईला हक्क सोडून द्यायला पैसे देऊ केले. तिनं निरोप पाठवला, "घर इकून बाई जाती कुटं?" मग तिच्या हौदाला पाणी आणणाऱ्या पखालवाल्याला फोडला, त्यानं पाणी बंद केलं. ती स्वतः घागरीनं पाणी भरायला लागली. पंधरवडा संपत आला होता. ह्यांनी इकडून तिकडून रक्कम जमवली होती, पण अख्ख्या घराची किंमत देऊन अर्धवट घर कोण घेईल? आणि न घ्यावं तर चौथाई जाणार. जेवण जाईना त्यांना. मला म्हणायचे, "तुझ्या पाटल्या आहेत गं त्यात." जणू माझ्यासाठीच चाललं होतं सगळं.

तोवर गावातला गाठीचा ताप ओसरला आणि लोक गावात परतायला लागले. आम्हीही आलो, दुकान उघडलं. सरकारनं नेमलेले प्लेगचे लोक अजून रोज आळ्याआळ्यांतून फिरत होते. नियम साधा होता. ज्या घरात उंदीर मरून पडला ते घर त्याच दिवशी मोकळं करायचं. माणसं रानात, वरची कौलं काढून ऊन आत, सगळीकडं चुन्याचं पाणी, आणि दाराला कुलूप. आमच्या जिवासाठीच होता तो नियम, वाईट काही नाही त्यात.

रविवारचा बाजार होता. दुकानात आणे गावाच्या पठाराकडचे लोक बाजरी घेऊन आले होते, पुढं गर्दी. हे मागं आले, खोलीचं दार लोटलं. हातात टोपली. टोपलीवर ताट, ताटात गव्हाचं पीठ आणि गुळाचा खडा. आताच आंघोळ केलेली, केस ओले. भर सकाळी दुसऱ्यांदा आंघोळ कशाला केली, मला कळेना.

"ऐक," ते हळू आवाजात म्हणाले. "हे घेऊन त्या बाईकडं जा. म्हणावं, झालं गेलं विसरा, शेजारधर्म म्हणून आणलंय. बायकांच्या खोलीत बाईमाणसालाच जाता येतं, नाहीतर तुला सांगितलं नसतं. ताट तिच्या हातात दे. ती पीठ ओतून घ्यायला वळली, की खालची पुरचुंडी हौदामागं सोडून दे. फडकं परत आण."

"कसली पुरचुंडी?"

मी ताट उचललं. खाली फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं, आणि एका टोकाला शेपूट बाहेर आलं होतं.

"अगं बाई!" मी ताट आदळलंच खाली. "उंदीर?"

"हळू बोल! अर्ध्या तासात सावळेराम प्लेगच्या लोकांना सांगेल. आजच्या आज ती रानात जाईल, घराला कुलूप पडेल. उद्या मी पैसे भरतो. पुढं कुलूप निघेल तेव्हा बेलिफ घेऊन आपणच दारात. एकदा आपण आत बसलो की बाहेरून भांडू दे तिला जन्मभर. तुला घर हवंय ना?"

"आणि तुम्ही... तुम्ही मारलात हा?"

त्यांना खरंच वाईट वाटलं. अगदी मनापासून दुखावल्यासारखा चेहरा झाला. "काय बोलतेस! मी जीव मारेन? मेलेलाच मिळाला. सावळेरामानं काठीनं उचलला, मी हातसुद्धा लावला नाही, तरी आंघोळ केली. यात हिंसा कुठं झाली, सांग बरं?"

हा माणूस रोज सकाळी मुंग्यांना पीठ घालतो. पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाही. पर्युषणात सगळ्या जीवांची हात जोडून क्षमा मागतो. मी मागते, तोही मागतो, शेजारी शेजारी बसून मागतो. धर्म माझाही तोच आहे हो! आणि हा मला विचारतो, हिंसा कुठं झाली. मी मोरीपाशी गेले आणि भडाभडा ओकले. सकाळचं सगळं बाहेर आलं. वळून पाहिलं तर ते पीठ सांडलं का ते बघत होते.

"बरं वाटत नाही का?" ते म्हणाले. "थोड्या वेळानं जा मग. पण दुपारच्या आत."

"आत्ताच जाते," मी म्हणाले. तोंड धुतलं, डोक्यावरून पदर घेतला. ताट परत टोपलीवर ठेवलं. ते समाधानानं पुढं गादीवर जाऊन बसले.

मागच्या दारानं मी बोळात आले. उजवीकडं गेलं की कागद्यांची आळी, डावीकडून वळलं की पेठ. कोंडाबाई धान्य पाखडत बसली होती, ती म्हणाली, "कुटं निघाला?" मी म्हणाले, "चल, बघ कुठं ते." आणि डावीकडं वळले. मला काही मोठं शौर्य वाटत होतं असं नाही. टोपलीला वास यायला लागला होता.

दुकानापुढं पाच-पन्नास माणूस. पठारावरचे लोक पोत्यांवर बसलेले, बायका गुळाचा भाव करताहेत, सावळेराम कडेला तंबाखू मळतोय. मी कधी पुढच्या बाजूनं दुकानात जात नाही. लोक बाजूला झाले. मी सरळ पायरी चढले, गादीपुढं टोपली ठेवली, ताट काढून बाजूला ठेवलं, आणि फडक्याचं टोक धरून झटकलं. ती घाण पांढऱ्या गादीवर पडली, त्यांच्या मांडीपाशी.

"ही तुमची वस्तू," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. "जैबुन्निसाच्या घरात टाकायला मला दिली होतीत. मी नाही टाकत. तुमची आहे, तुमच्या दुकानात राहू द्या."

एक बाई किंचाळली, "उंदीर! उंदीर पडला!" अन् जी पळापळ झाली! पोती तिथंच, पायताणं तिथंच. सगळ्यात आधी पळाला तो सावळेराम, तंबाखू हातात धरून. प्लेगच्या लोकांना सांगायचं काम त्याचं होतं, पण त्याच्या आधी अख्ख्या बाजारानं सांगितलं.

प्लेगचे लोक दुपारच्या आत आले. त्यांनी त्यांचं काम केलं. गादी जाळली. धान्य उन्हात ओतलं. कौलं काढली, भिंतींवर चुन्याचं पाणी मारलं, दुकानाला आणि खोल्यांना एकच कुलूप घातलं, आणि आम्हाला नदीपलीकडं पाठवलं. जमवलेली रक्कम पेटीत, पेटी कुलपाच्या आत. हातउसने मागायला जावं तर लोक लांबूनच हात हलवायचे. पंधरवडा उलटला. चौथाई बुडाली. माझ्या पाटल्या आणि गोठ त्यात गेले.

घराचा लिलाव पुन्हा झाला. या वेळी गाव परतलेलं होतं आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. जैबुन्निसा उघड्या ओट्यावर येऊन बसली होती म्हणे, कागद घोटत. कारकुनानं तेच वाचलं, जो काही हक्क असेल तो, आणि या वेळी एकूण एक माणसानं कान देऊन ऐकलं. कुणी बोली बोललं नाही. शेवटी सावकारानंच भावाचा वाटा स्वतःकडं घेतला आणि वाटणीचा दावा लावून बसला. बाई आपल्या जागेवर आहे. मला ती बाजारात दिसली, पण आभारबिभार काही मानले नाहीत तिनं, आणि का मानावेत? तिच्याच घरात तिला राहू दिलं म्हणून?

दुसरा लिलाव व्हायच्या आधी, दुकानाला कुलूप पडलं तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नव्हते. झोपडीत समोरासमोर बसून जेवायचं आणि एक शब्द नाही. मुदत उलटली त्या दिवशी, ऊन कलल्यावर मी ताट वाढलं, तेव्हा पहिल्यांदा बोलले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत.

"तुला घर नको होतं?" त्यांनी विचारलं.

"हवं होतं. अजून हवंय."

"मग? चार दिवस वाईट वाटलं असतं. पुढं काय? स्वतःची चूल, स्वतःचं दार. मला खरं सांग, तुला त्या घरात झोप लागली नसती का?"

मी विचार केला. उगाच काहीतरी बोलून मोठेपणा घ्यायचा नव्हता मला. ती गुळगुळीत भिंत, तो गार वास, माडीची खिडकी, सगळं डोळ्यांपुढं आलं.

"लागली असती," मी म्हणाले. "महिन्याभरात लागली असती. तिनं कागद थापून थापून गुळगुळीत केलेल्या भिंतीला डोकं टेकून गाढ झोपले असते मी, आणि ती कुठं असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नसतं. त्याचीच तर किळस आली मला."